जुना संगणक आणि त्याच्या पोटातील मराठी



शंभर वर्षे ग्रंथ सांभाळणाऱ्या संस्थेच्या उत्सवात संगणकाच्या दुरुस्तीवर व्याख्यान व्हावे, हे काहींना विसंगत वाटण्याचा संभव आहे. ग्रंथालयाचा संबंध शब्दाशी, यंत्राशी नव्हे, अशी आपली परंपरागत समजूत असते. परंतु गेल्या दोन-तीन दशकांत बहुतेक ग्रंथालयांच्या देवघेवीच्या टेबलावर एक संगणक येऊन बसला आहे. पुस्तकांची यादी, सभासदांची वर्गणी, वार्षिक अहवाल, शासनाला पाठवावयाची पत्रे असे बरेच काही त्याच्या पोटात साठले आहे. आता तो संगणक म्हातारा झाला आहे. बटण दाबल्यापासून पडद्यावर काही दिसेपर्यंत चहा येतो, पिऊन होतो आणि कपही विसळून ठेवला जातो. पुस्तकाची चौकशी करणारा वाचक दोन मिनिटे थांबतो आणि “राहू द्या, उद्या येतो” असे म्हणून निघून जातो.

अशा वेळी कार्यकारी मंडळाच्या सभेत सहसा दोनच सूचना येतात. एक म्हणते, “हा भंगारात काढा आणि नवा घ्या.” दुसरी म्हणते, “दुरुस्तीवाल्याला बोलवा आणि फॉरमॅट मारून घ्या.” दोन्ही सूचना सद्भावनेच्या असतात आणि दोन्ही घाईच्या असतात. यंत्र मंद का झाले हे पाहण्यापूर्वीच त्यांत उपाय ठरलेला असतो. त्याहून महत्त्वाचे असे की, यंत्र बाजारात पुन्हा मिळते. त्याच्या आत टंकलिखित करून ठेवलेली मराठी मात्र बाजारात मिळत नाही. जुन्या संगणकाची दुरुस्ती ही प्रथम त्याच्यातील अक्षरांची सुटका आहे आणि मग त्याच्या गतीची सुधारणा आहे, एवढे एकच सूत्र आज मांडावयाचे आहे.

हे सूत्र कोठेही लागू पडेल. तरी त्याची निकड जेथे अधिक जाणवते असे एक गाव उदाहरणादाखल घेणे सोयीचे होईल. ते गाव म्हणजे सुरत जिल्ह्यातील चलथाण. पलसाणा तालुक्यातील हे गाव सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आहे. सुरत ते अमळनेर हा मूळचा ताप्ती व्हॅली रेल्वेचा मार्ग १९०० सालच्या सुमारास सुरू झाला आणि खानदेशातील माणसांना सुरतेची वाट खुली झाली. धुळे, नंदुरबार, जळगाव या भागांतून मागांवर, गिरण्यांत आणि कारखान्यांत कामाला आलेली असंख्य मराठी कुटुंबे सुरत शहरात आणि भोवतालच्या पट्ट्यात स्थायिक झाली. चलथाणला सहकारी साखर कारखाना आहे. शेजारच्या कडोदऱ्यापासून कापडउद्योगाचा पसारा सुरू होतो. अशा गावात मराठी घरातील किंवा मंडळाच्या कचेरीतील संगणक बिघडला की तो ज्या दुकानात जातो, तेथील व्यवहार गुजरातीत चालतो. दुकानदार आपल्या कामात निष्णात असतो. परंतु समोरच्या फाईलमधील मजकूर मराठी आहे की निरर्थक चिन्हांचा ढीग आहे, हे त्याला कसे कळावे? महाराष्ट्रात दुर्लक्षामुळे जे नुकसान होते, ते येथे कोणाचाही दोष नसताना होऊन जाते.

मंदपणाचे निदान

संगणक मंद का होतो हे समजण्यासाठी ग्रंथालयाइतका उत्तम दाखला दुसरा नाही. संगणकाचा प्रोसेसर म्हणजे अभ्यासिकेत बसलेला अतिशय तल्लख वाचक. रॅम म्हणजे त्याच्या पुढ्यातील टेबल. हार्ड डिस्क म्हणजे मागच्या दालनातील कपाटे. टेबल मोठे असेल तर हवी ती पुस्तके हाताशी राहतात. टेबल लहान असेल तर एक पुस्तक आणण्यासाठी दुसरे परत ठेवावे लागते आणि वाचकाचा सारा वेळ कपाटाकडे जाण्या-येण्यात जातो. दिवा लुकलुकत राहतो, आतून करकर आवाज येतो आणि पडदा मात्र थिजलेला असतो. त्या वेळी घडत असते ते हेच. वाचक मंदबुद्धीचा झालेला नसतो. त्याचे टेबल अपुरे पडलेले असते.

हे अंतर किती आहे, हे थोडे हिशेबाने पाहण्यासारखे आहे. सर्वसाधारण हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. वाचणारा काटा योग्य जागी नेण्याचा वेळ त्यात मिळविला की एक नोंद शोधायला दहा-बारा मिलिसेकंद जातात. रॅममधील नोंद मिळायला त्याच्या सुमारे एक लक्षांश वेळ पुरतो. टेबलावरील पुस्तक उचलायला एक सेकंद लागतो असे धरले, तर कपाटातील पुस्तक येण्यास अठ्ठावीस तास लागतील, असे हे प्रमाण आहे. अलीकडच्या एस.एस.डी. या साठवणसाधनात फिरणारी तबकडीच नसते. त्याच हिशेबाने तेथून पुस्तक साधारण पाव तासात येते. जुन्या संगणकाला एस.एस.डी. बसविली की तो ‘नवा झाला’ असे लोक म्हणतात, त्याचे रहस्य एवढेच आहे.

परंतु उपायाकडे जाण्यापूर्वी वैद्याप्रमाणे चार प्रश्न विचारावेत. संगणक पहिल्यापासून मंद आहे की अलीकडे झाला? सुरू होतानाच रेंगाळतो की तासाभराने? सगळीच कामे रेंगाळतात की फक्त इंटरनेटवरील? आणि काही विशिष्ट आवाज येतो का? सुरू होताना रेंगाळत असेल, तर आपोआप चालू होणाऱ्या कार्यक्रमांची गर्दी झालेली असते. ती कमी करायला एक पैही लागत नाही. तासाभराने मंद होत असेल, तर दोष बहुधा उष्णतेचा. केवळ इंटरनेट मंद असेल, तर संगणक उघडण्याचे कारणच नाही, जोडणी तपासावी. आतून ठराविक अंतराने ‘टक्-टक्’ असा आवाज येत असेल, तर मात्र सारे प्रयोग थांबवावेत. हार्ड डिस्क निकामी होण्याच्या मार्गावर असल्याची ती सूचना असते. अशा वेळी विषाणू शोधण्यासाठी रात्रभर तपासणी लावून ठेवणे म्हणजे आजाऱ्याला डोंगर चढावयास लावणे होय. पेनड्राइव्हवरून शिरलेल्या विषाणूंचा बंदोबस्त अवश्य करावा. पण तो डिस्कची प्रकृती पाहून.

उष्णतेची गोष्ट चलथाणसारख्या गावात विशेष लक्षात घ्यावी लागते. कापडाच्या परिसरात हवेत सूक्ष्म तंतू तरंगतात. गळिताच्या हंगामात साखर कारखान्याच्या बॉयलरमध्ये उसाचे चिपाड जळते आणि त्याची काजळी दूरवर उडते. पावसाळ्यातील दमट हवा या दोहोंना चिकटपणा देते. संगणकाचा पंखा ही हवा ओढतो आणि प्रोसेसरवरील धातूच्या पाकळ्यांत धुळीचे नमद्यासारखे थर बसतात. प्रोसेसर आणि त्या पाकळ्या यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारा जो लेप असतो, तो काही वर्षांत वाळून जातो. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचविण्यासाठी तो आपणहून गती कमी करतो. तेव्हा पंखा आणि पाकळ्या साफ करून नवा लेप लावणे, हा सर्वांत स्वस्त आणि पुष्कळदा सर्वांत गुणकारी इलाज ठरतो. तो करताना वीजजोडणी काढलेली असावी, अंगातील स्थिर वीज जाण्यासाठी पेटीच्या धातूला आधी हात लावावा आणि फुंकणीच्या वाऱ्याने पंखा गरगरा फिरू देऊ नये. रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात पुसून पुन्हा घट्ट बसविली, तर सुरू होताना ‘बीप-बीप’ करून अडून बसणारा संगणक पुष्कळदा मुकाट्याने चालू लागतो, हा अनुभव दुरुस्तीच्या धंद्यातील सर्वांच्या परिचयाचा आहे.

आणखी एक क्षुल्लक वाटणारा दोष ग्रंथालयाच्या दृष्टीने मोठा आहे. मदरबोर्डवर नाण्याएवढी, तीन व्होल्टची एक बॅटरी असते. संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवणे हे तिचे काम. ती संपली की दर वेळी संगणक वर्षानुवर्षे मागच्या एखाद्या तारखेला जागा होतो. सुरक्षित संकेतस्थळे मग उघडत नाहीत, कारण संगणकाची तारीख आणि जगाची तारीख जुळत नाही. त्याहून वाईट म्हणजे देवघेवीच्या नोंदींत चुकीच्या तारखा पडतात. पुस्तक वेळेत परत करणाऱ्या सभासदावर दंड बसतो आणि वर्षभर पुस्तक दाबून ठेवणारा सुटतो! ही बॅटरी अल्प किमतीत कोठेही मिळते. ती बदलण्याऐवजी संगणकच बदलण्याचा ठराव करणे हे वर्गणीच्या पैशाला न शोभणारे आहे.

आधी प्रत, मग पाना

निदान झाले की हात थेट पान्याकडे जाऊ नये. पहिले काम प्रत काढण्याचे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला पूर आला आणि सुरत शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. तळमजल्यावरील कागद आणि यंत्रे यांना तापीने सारखीच वागणूक दिली. ज्यांची एकच प्रत होती आणि तीही त्याच खोलीत होती, त्यांना आधार उरण्याची शक्यता नव्हती. म्हणून जाणकारांनी सांगितलेला नियम असा: प्रती तीन असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक तरी दुसऱ्या इमारतीत असावी. ग्रंथालयाची एक प्रत कोषाध्यक्षांच्या घरी ठेवली तरी नियमाचा शेवटचा भाग साधतो.

प्रत काढताना केवळ ‘डॉक्युमेंट्स’ नावाचा कप्पा उचलून भागत नाही. यादीचा कार्यक्रम कोठे बसविलेला आहे, त्याच्या नोंदी कोणत्या कप्प्यात जातात आणि मराठी फॉन्ट कोणता वापरला आहे, हे पाहून ते सर्व उचलावे लागते. सर्वांत निर्धोक मार्ग म्हणजे संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रतिकृती नव्या डिस्कवर काढणे. जुनी डिस्क मग पुसू नये. तिच्यावर तारीख घालून, लेबल लावून ती कपाटात ठेवावी. ग्रंथालयाला जुने जपून ठेवण्याची सवय असतेच. ती येथे उपयोगी पडते.

यानंतर सुधारणा. रॅम वाढविताना मदरबोर्डला कोणती पट्टी चालते हे आधी पाहावे. डी.डी.आर.-२, डी.डी.आर.-३ आणि डी.डी.आर.-४ यांच्या खाचा वेगवेगळ्या असून एकीच्या जागी दुसरी बसत नाही. बत्तीस बिटांची कार्यप्रणाली सहसा चार जी.बी.च्या पलीकडे मजल मारत नाही. तेथे अधिक रॅम घालणे म्हणजे बंद दाराच्या खोलीत टेबल वाढविणे. एस.एस.डी. बसविण्यासाठी ‘साटा’ जातीची जोडणी लागते. ती २००३च्या सुमारास प्रचारात आली. त्याआधीच्या, रुंद चपट्या पट्ट्याच्या संगणकावर हा खर्च सहसा करू नये. मदरबोर्डवरील छोटे डबे, म्हणजे कॅपॅसिटर, वरून फुगलेले दिसले, तर तेथेही हात आवरता घ्यावा. २०००नंतरच्या काही वर्षांत तयार झालेल्या अनेक मदरबोर्डांत हा दोष होता. वीज वारंवार खाली-वर होत असेल, तर आधी अर्थिंग आणि यू.पी.एस.ची बॅटरी तपासावी. नाही तर नवे भागही जुन्यांच्या वाटेने जातील. दुरुस्ती कोठवर करावी याला मर्यादा आहे आणि ती मर्यादा पाहून मगच नवा संगणक घेण्याचा ठराव करावा. त्यात कमीपणा नाही.

कार्यप्रणालीचाही विचार आवश्यक आहे. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७चा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आधार संपल्याने संगणक त्या दिवशी बंद पडत नाही. मात्र त्याच्या कुंपणाला पडणारी नवी भगदाडे बुजविणारे कोणी राहत नाही. विंडोज ११ला टी.पी.एम. २.० नावाची सुरक्षाचिप लागते आणि अनेक जुन्या संगणकांत ती नसते. अशा यंत्रावर लिनक्सची हलकी आवृत्ती बसविता येते. तिला परवान्याचे शुल्क नाही. सी-डॅकने भारतीय भाषांसाठी ‘बॉस’ या नावाने काढलेली लिनक्सची आवृत्ती याच कुळातील आहे. पत्रव्यवहार, यादी पाहणे आणि इंटरनेट एवढ्या कामांसाठी दहा-बारा वर्षांचा संगणक अशा रीतीने आणखी काही वर्षे सेवा देऊ शकतो.

अक्षरांची सुटका

येथपर्यंत जे सांगितले ते कोणत्याही भाषेच्या संगणकाला लागू आहे. परंतु मराठी ग्रंथालयाचा खरा प्रश्न यानंतर सुरू होतो. फॉरमॅट मारून, नवी कार्यप्रणाली घालून संगणक परत आला. तो वाऱ्यासारखा धावतो आहे. ग्रंथपाल यादी उघडतात आणि पडद्यावर ‘सावित्रीबाई’ऐवजी रोमन अक्षरे, कंस, स्वल्पविराम आणि टक्क्यांची चिन्हे यांची रांगोळी दिसते. गुजरातेतील दुकानात ‘टेराफॉन्ट वरुण’ यासारखा गुजराती फॉन्ट आधीच भरलेला असतो. तो लावून पाहिला, तर तीच ओळ गुजराती अक्षरांत, परंतु कोणत्याही भाषेचा अर्थ नसलेली दिसते. यादी गेली असे समजून कोणी ती पुसूनही टाकते. वास्तविक ती गेलेली नसते. तिची किल्ली हरवलेली असते.

हे असे का झाले, याचा इतिहास थोडक्यात पाहणे अगत्याचे आहे. संगणकाला अक्षर कळत नाही. त्याला क्रमांक कळतो. रोमन अक्षरांचे क्रमांक जगभर ठरलेले होते. देवनागरीसाठी आय.आय.टी. कानपूर येथे सुरू झालेल्या आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढविलेल्या ‘गिस्ट’ तंत्राने पाया घातला. भारतीय लिप्यांच्या क्रमांकांचे ‘इस्की’ हे मानक भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये स्वीकारले. परंतु छपाईच्या व्यवहारात दुसराच मार्ग रूढ झाला. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव अशा नावांचे फॉन्ट आले आणि त्यांतील अनेकांनी रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीची चित्रे बसविली. संगणकाच्या दृष्टीने तो मजकूर रोमनच राहिला. मराठी होते ते केवळ त्याचे रूप. प्रत्येक फॉन्टने आपापली मांडणी केल्यामुळे एकाचा मजकूर दुसऱ्याला वाचता येईना. या फॉन्टांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांच्यावरच एका पिढीची मराठी पुस्तके, दिवाळी अंक आणि स्मरणिका छापून निघाल्या. पण ते छपाईसाठी होते, शोधण्यासाठी नव्हते. आणि ग्रंथालयाचे काम शोधण्याचे आहे.

या दोषाचा एक नमुना पाहण्यासारखा आहे. अशा फॉन्टमध्ये ऱ्हस्व इकाराची वेलांटी, ती डावीकडे दिसते म्हणून, आधी टंकित होते आणि अक्षर नंतर. त्यामुळे यादी वर्णानुक्रमे लावावयास सांगितली की ‘किल्ला’, ‘विठ्ठल’ आणि ‘शिवाजी’ हे तिन्ही शब्द एकमेकांच्या शेजारी येऊन बसतात. कारण तिघांचे पहिले चिन्ह वेलांटी! कपाटात क-वर्ग, व-वर्ग नीट लावलेले आणि यादीत मात्र हा गोंधळ, असा प्रकार होतो.

युनिकोडने हा प्रश्न मुळापासून सोडविला. त्याची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली. तीत देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र पट्टा मिळाला आणि गुजरातीलाही तसाच वेगळा मिळाला. दोन्हींची मांडणी इस्कीच्या घडणीवर आधारलेली आहे. त्यामुळे मराठीचा ‘क’ हा गुजराती फॉन्टच्या तावडीत सापडून दुसरेच काही होत नाही. विंडोज २०००मध्ये देवनागरीची अंगभूत सोय आली. तिच्यातील ‘मंगल’ हा फॉन्ट अक्षररचनाकार र. कृ. जोशी यांनी घडविला. ‘इनस्क्रिप्ट’ कळपाटात तर मराठी आणि गुजराती या दोहोंचा ‘क’ एकाच कळीवर आहे. चलथाणच्या मुलाने एकदा हा कळपाट शिकून घेतला, तर शाळेची गुजराती आणि घरची मराठी या दोन्ही त्याच बोटांनी लिहिता येतात. दोन भाषांत वाढणाऱ्या घरांना याहून सोयीची भेट कोणती?

प्रश्न उरतो तो जुन्या मजकुराचा. त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारे कार्यक्रम उपलब्ध आहेत. मात्र मूळ फॉन्टचे नेमके नाव कळल्यावाचून ते चालत नाहीत. म्हणून जुना संगणक चालू आहे तोवरच फॉन्टचे नाव लिहून घ्यावे आणि फॉन्टची फाईलही उचलून ठेवावी. काही जुने मराठी कार्यक्रम संगणकाच्या पाठीमागे लावलेल्या छोट्या कुलुपाशिवाय उघडतच नाहीत. ते कुलूप निरुपयोगी खुंटी समजून फेकले गेले, तर मग परवाना असूनही दार बंद. शक्यतो जुना संगणक इंटरनेटपासून तोडून, रूपांतर पुरे होईपर्यंत एका कोपऱ्यात जिवंत ठेवावा. त्याच्याकडून वेगाची अपेक्षा नाही. फक्त साक्ष हवी आहे.

रूपांतर झाल्यावर माणसाने वाचणे अपरिहार्य आहे. चार जागा हटकून चुकतात. वेलांटी भलत्या अक्षरावर जाते; रफार एक अक्षर पुढे-मागे सरकतो; अवघड जोडाक्षरे फुटतात; आणि मराठीचे खास असे, ‘शेतकऱ्यांचा’, ‘दुसऱ्या’ यांतील ‘ऱ्य’ मोडून वेगळे होते किंवा वेगळ्या रीतीने नोंदले जाते. शेवटची चूक डोळ्यांना दिसतही नाही. पण शोधताना पुस्तक सापडत नाही. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्यापूर्वी ते निरनिराळ्या युक्त्यांनी लिहिले जात असल्याने तेही तपासावे. ही तपासणी कशाशी करावयाची? येथे ग्रंथालयाची हस्तलिखित दाखलनोंदवही कामाला येते. शंभर वर्षांच्या कारकुनी हातांनी लिहिलेली ती वही म्हणजे यादीची मूळ प्रत. एक सभासद वही वाचतो आणि दुसरा पडद्यावर पाहतो, अशा जोडीने रोज थोड्या नोंदी तपासल्या, तरी काही महिन्यांत मोठी यादी शुद्ध होते. निवृत्त शिक्षक आणि महाविद्यालयीन विद्यार्थी यांची जोडी यासाठी उत्तम. एकाला मराठी ठाऊक असते, दुसऱ्याला यंत्र.

शुद्ध झालेली यादी मग कोणत्याही चांगल्या ग्रंथालय-प्रणालीत भरता येते. न्यूझीलंडमधील एका सार्वजनिक ग्रंथालयात जानेवारी २००० पासून वापरात आलेली ‘कोहा’ ही मुक्त प्रणाली आहे. राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राची ‘ई-ग्रंथालय’ आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची ‘सोल’ आहे. कोणती घ्यावी याबद्दल मतभेद होतील आणि व्हावेत. परंतु यादी प्रणालीबाहेर साध्या तक्त्याच्या रूपात, युनिकोडमध्ये काढून घेता येते की नाही, हा प्रश्न प्रत्येक वेळी आधी विचारावा. ज्या कपाटाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात राहते, ते कपाट ग्रंथालयाने घेऊ नये.

शेवटी निरोपाचा विषय. काम संपलेला संगणक भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढविण्यापूर्वी त्याच्या डिस्कमध्ये सभासदांचे पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक आहेत याची आठवण ठेवावी. फाईल पुसली म्हणजे ती नाहीशी होत नाही. फक्त अनुक्रमणिकेतून तिचे नाव जाते. तेव्हा डिस्क काढून घ्यावी अथवा तिच्यावर संपूर्ण पुनर्लेखन करावे. १ एप्रिल २०२३ पासून देशात ई-कचऱ्याचे नवे नियम लागू झाले आहेत. त्यांनुसार असे यंत्र नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच जावयास हवे. त्यातील शिसे आणि इतर द्रव्ये उघड्यावर जाळली, तर तो धूर शेजारच्या वस्तीच्याच छातीत जातो.

बंधुभगिनींनो, १९१० साली सयाजीराव महाराजांनी विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यास बोलावून संस्थानात गावोगाव ग्रंथालये उभारण्याचे कार्य हाती घेतले. वाचकाला पुस्तक सापडावे यासाठी त्या काळाची उत्तमोत्तम साधने त्यांनी आणविली. पुढे १९३१ मध्ये रंगनाथनांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली आणि वाचकाचा वेळ वाचविणे हा ग्रंथालयाचा धर्म ठरविला. वही गेली, कार्ड आले; कार्ड मागे पडले, संगणक आला; उद्या आणखी काही येईल. साधन बदलताना मागील साधनातील एकही नोंद गळू नये, हीच त्यातील कसोटी आहे.

म्हणून शताब्दीच्या या वर्षी कार्यकारी मंडळाने एक लहानसा ठराव करावा. दाखलनोंदवहीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर शाईने लिहून ठेवावे: या ग्रंथालयाची यादी कोणत्या संगणकात, कोणत्या प्रणालीत आणि कोणत्या लिपी-मानकात आहे, तिची प्रत कोणाच्या घरी आहे, आणि शेवटची प्रत कोणत्या तारखेला काढली. पुढच्या दुरुस्तीच्या वेळी, ग्रंथपाल नवे असोत वा दुकानदार गुजराती, ते पान त्यांच्यापुढे ठेवावे. एवढे एक पान लिहिले गेले, तर या व्याख्यानाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.